मिसकॉलवरची मोटर

माझ्या मोबाईलमध्ये 'आबा' या नावाखाली लगेच 'आबांची मोटर' हे नाव येतं. आबा म्हणजे माझे वडील. मोटर म्हणजे निमगाव सावाला आमच्या विहिरीवर बसवलेली पाण्याची मोटर. तिला स्वतःचं सिमकार्ड आहे, स्वतःचा नंबर आहे आणि स्वतःचा आवाजही आहे. बाईचा. मला सगळ्यांत जास्त फोन या बाईचे येतात. बायकोचे त्याच्या पाव पटही येत नाहीत आणि हे बायकोनं मला जेवताना अनेकदा ऐकवलेलं आहे.

मी मंचरला एका खाजगी लॅबमध्ये रक्त घेण्याचं काम करतो. राहतो पेठला, कारण बायको तिथल्या अंगणवाडीत आहे आणि मुलगी तिथल्या शाळेत. आई गेल्यापासून आबा निमगावच्या वस्तीवर एकटे आहेत. घरापुढं कांदा, कांद्याच्या खाली शेजाऱ्यांचा ऊस आणि उसाच्या पलीकडे ओढ्याच्या काठाला आमची विहीर. आबांचा उजवा गुडघा पार गेलेला. उसातून जाणारी पायवाट उताराची, आणि त्या उसात वाघ. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. म्हणजे आबांनी काठी टेकत, बॅटरी मारत, खोकत खोकत उसातून विहिरीवर जायचं, बटण दाबायचं आणि तसंच वर येऊन दारं धरायचं, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी वळवायचं. मला पेठला झोप लागायची नाही.

मी म्हटलं, "आबा, जमीन वाट्यानं देऊन टाकू. तुम्ही पेठला चला."

आबांनी हातातली काठी बाजेला टेकवली. मग म्हणाले, "मोटर चालू-बंद करायची तेवढी सोय कर. बाकीचं मी बघतो."

ती सोय म्हणजे हा मोबाईलवर चालणारा स्टार्टर. विहिरीवरच्या पेटीत एक डबा बसवतात, त्यात सिमकार्ड घालतात. लाईट आली की डबा तुम्हाला फोन करतो. "लाईट आली आहे. मोटर बंद आहे. चालू करण्यासाठी एक दाबा. बंद करण्यासाठी दोन दाबा." झालं. हा डबा चालला तर आबा वस्तीवर राहणार, नाही चालला तर जमीन वाट्यानं जाणार आणि आबा आमच्या दोन खोल्यांत येणार, असा आमचा सरळ करार होता. तो कुणी बोलून दाखवला नाही, पण दोघांनाही पाठ होता.

पहिल्या दिवशीच घोटाळा झाला. डबा आबांच्या फोनला जोडला होता. आबांचा फोन बटणांचा. बाई म्हणाली, एक दाबा. आबांनी फोन कानाला तसाच धरून तिला सांगितलं, "कर चालू." बाईनं पुन्हा तेच सांगितलं. आबा म्हणाले, "अगं कर की बाई चालू, मी हितंच उभा हाये." मग मी त्यांना बटण दाबायला शिकवलं. पण दाबायला फोन कानापासून काढला की ती पुढं काय म्हणते ते ऐकू येत नव्हतं, आणि पुन्हा कानाला लावेपर्यंत ती ठेवून देत होती. बटणावरचे आकडे घासून गेलेले, चष्मा घरात, बोटं मातीनं भरलेली. दोन दिवस त्यांची आणि त्या बाईची अशीच हुज्जत चालली. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोन माझ्यापुढं धरला आणि म्हणाले, "हिचं नि माझं जमायचं न्हाई. तूच बोल हिच्याशी."

तेव्हापासून मी बोलतो. डबा माझ्या नंबरला जोडला. आबांना पाणी हवं असलं की ते मला एक मिसकॉल देतात. एक रिंग वाजली की कट. मी लगेच मोटरला फोन लावून एक दाबतो. वाफे भरले, किंवा पाइप निसटला, किंवा बांध फुटला, की दोन मिसकॉल, पाठोपाठ. मी दोन दाबतो. आबा कांद्यात फावडं घेऊन उभे, मी चाळीसेक किलोमीटरवर कुणाचा तरी दंड बांधत बसलेला, आणि आमच्या मधून पाणी वाहतंय. सांगायला हे फार भारी वाटतं. लॅबमध्ये येणारे लोकही म्हणायचे, काय सोय झाली राव.

सोय आबांची झाली. मी मात्र दावणीला लागलो.

कारण लाईट काही वेळेवर येत नाही. आली तरी जाते, पुन्हा येते. आबा तिकडं वाट बघत उभे असतात, आणि मिसकॉल दिल्यावर मोटर लगेच चालू झाली नाही तर ते आणखी एक देतात. मग ते दोन होतात. म्हणजे 'बंद कर'. असा गोंधळ नको म्हणून मिसकॉल आला रे आला की मी मोटरला फोन लावतो. मग मी न्हाणीघरात असो, देवळात असो, नाहीतर गाडीवर असो. न्हाणीघरात फोन ठेवायला बायकोनं एक प्लास्टिकची जाळी अडकवून दिली, वैतागून. लॅबमध्ये सुई शिरेत असते आणि खिशात थरथर होते. हात हलवता येत नाही. माझ्या तोंडावर काय दिसतं कोण जाणे, समोरचा माणूस म्हणतो, "घ्या की फोन, मी बसतो." लॅबच्या डॉक्टरबाईंनी एकदा शांतपणे विचारलं, "तुमच्या घरी कुणी आजारी आहे का?" मी म्हटलं, नाही, कांदा आहे.

पुढं पुढं तर थरथर नसतानाही व्हायला लागली. फोन टेबलावर असायचा आणि मांडीला खिशाच्या जागी थरथर लागायची. मी दचकून हात घालायचो, खिसा रिकामा असायचा. बायको बघत असायची.

आणि खरं सांगायचं तर सगळा दोष मोटरचाही नव्हता. एकदा फोन हातात धरायचा म्हटल्यावर तो नुसता धरून बसणं कुणाला जमतं? लाईटीची वाट बघता बघता मी गावाचा ग्रुप बघायचो. तिथं कुणीतरी वाघाचा फोटो टाकलेला असायचा, 'आत्ताच दिसला, सावध राहा', आणि तोच फोटो सकाळी पिंपरी पेंढारच्या ग्रुपवरही असायचा. मग बाजारभाव. मग कुणाचा वाढदिवस, कुणाचं निधन. मग दुसऱ्या कुणाच्या शेतातल्या दुसऱ्या कुणाच्या मोटरचा व्हिडिओ. लाईट येऊन जायची, मोटर चालू होऊन बंद व्हायची, तरी माझा अंगठा चालूच असायचा. बायको म्हणायची, "मोटरचं नुसतं नाव आहे." मी चिडायचो. चिडायचो, कारण तिच्या हातातही फोन असायचा. अंगणवाडीतल्या पोरांची वजनं भरायची, फोटो चढवायचे, आणि नेट नसलं की घराच्या जिन्यात उभं राहून वर हात करायचा. मुलगी आतल्या खोलीत तिच्या फोनपुढं. आमच्या घरात सगळे घरी असले की घर सगळ्यांत गप्प असायचं.

त्याच दिवसांत बायकोच्या चुलत्यांचं दहावं झालं. घाटावर शे-दोनशे माणूस. प्रवचन झालं, पुढाऱ्यांची भाषणं झाली, पिंड ठेवले आणि सगळे कावळ्याची वाट बघत उभे राहिले. कावळा समोरच्या झाडावर बसलेला, पण खाली येईना. पोरांनी हात जोडून सगळं सांगून झालं, तुमच्या बैलांना बघू, आईला बघू, धाकट्याचं लग्न करू. कावळा ढिम्म. सगळीकडे शांतता. तेवढ्यात माझ्या खिशात फोन वाजला. वाजला की उचलायचा, एवढंच अंगठ्याला माहीत. घाईत स्पीकरचं बटण दाबलं गेलं आणि घाटावर बाईचा आवाज खणखणला, "लाईट आली आहे. मोटर बंद आहे."

माझ्या आजूबाजूच्या पाच-सहा जणांचे हात आपापल्या खिशात गेले. म्हणजे मी एकटा नव्हतो. बायकोनं माझ्याकडे जे बघितलं ते मी लिहीत नाही. पण तेवढ्यात कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. बायकोच्या गावचा एक म्हातारा टोपी सारखी करत म्हणाला, "त्याचा जीव लायटीतच आडाकला व्हता."

लोक हसले. मीही हसलो. घरी येताना मात्र हसू आलं नाही. एका माणसाचा जीव कशात अडकला होता ते सगळ्यांना कळलं, आणि माझा कशात अडकलाय ते मलाही चांगलं कळत होतं. मला त्या डब्याचा राग यायचा. आबांचाही यायचा. वाटायचं, एक माणूस हट्टानं वस्तीवर राहतो आणि त्याच्या हट्टाची दोरी माझ्या मांडीला बांधलेली आहे. आठवडेच्या आठवडे आबा मला दिवसातून कितीतरी वेळा मिसकॉल द्यायचे, मी मोटर चालू-बंद करायचो आणि आम्ही एक शब्द बोलायचो नाही. मी फोन लावला तर आबा उचलायचेच नाहीत. फोन हा त्यांच्या मते द्यायचा असतो, घ्यायचा नसतो.

फेब्रुवारीतल्या एका सकाळची गोष्ट. लाईटीची दिवसपाळी होती. कांदा पोसायच्या दिवसांत पाणी चुकवून चालत नाही, म्हणून आबा सूर्य उगवायच्या आतच फावडं घेऊन उभे असायचे. लॅबमध्ये उपाशीपोटी तपासणीची गर्दी होती. बाईचा फोन आला, लाईट आली आहे. मी मिसकॉलची वाट बघायला लागलो. एकाचं रक्त घेतलं, दुसऱ्याचं घेतलं. मिसकॉल नाही. चहा पीत असतील. आणखी दोघांचं घेतलं. नाही.

मग मी आबांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. उचलणार नाहीत हे माहीतच होतं, पण मिसकॉल तरी द्यायला हवा होता. पुन्हा लावला. पुन्हा नुसती रिंग. असा लावतच राहिलो. समोर बसलेली बाई बाही वर करून थांबलेली, आणि माझ्या डोळ्यांपुढं ऊस, वाघ, विहीर, गुडघा हे सगळं एकामागून एक यायला लागलं. शेजारच्या वस्तीवरच्या माणसाला लावला. तो म्हणाला, "भाऊ, मी आळेफाट्याला हाये, आन् घरची समदी लग्नाला गेल्यात. थांब, कोन भेटतंय का बघतो." कुणी भेटलं नाही.

तेव्हा मला एक युक्ती सुचली. ती माझ्यासारख्यालाच सुचेल. मी म्हटलं, मोटरच चालू करू. आबा उचलत नाहीत, पण वाफ्यात न मागता पाणी आलेलं बघून ते गप्प बसणार नाहीत. बांध फुटेल, पाणी वाया जाईल, म्हणून ते मला शिव्या देत दोन मिसकॉल देतील. दोन मिसकॉल आले की आबा ठीक आहेत. मग मी मोटर बंद करीन आणि या बाईचं रक्त घेईन. मी मोटरला फोन लावला आणि एक दाबलं. मोटरची बाई म्हणाली, "मोटर चालू झाली आहे."

मी वाट बघितली. विहिरीपासून कांद्यापर्यंत पाणी यायला वेळ लागतो, तेवढा वेळ गेला. त्याहून जास्त गेला. मिसकॉल आला नाही. मी आबांना फोन लावला. आता रिंगही वाजेना. दुसरीच कुणीतरी बाई सांगू लागली की हा फोन बंद आहे.

मी हातमोजे काढले. डॉक्टरबाईंना म्हटलं, मला जायला हवं. त्यांनी बाहेरच्या रांगेकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "कांदा?" मी म्हटलं, "वडील." त्या उठल्या आणि माझ्या जागेवर जाऊन बसल्या.

कळंब गेलं, नारायणगाव गेलं, मला आठवतं ते एवढंच की मी गाडी एका हातानं चालवत होतो. दुसऱ्या हातात फोन होता. लावून उपयोग नव्हता, तरी होता. मोटर चालूच होती. मी तिला बंद करू शकत होतो, दोन दाबायचा अवकाश होता. पण मी बंद केली नाही. ती बंद करायची ती आबांच्याच सांगण्यावरून, आणि ते सांगत नव्हते. पाणी जात राहिलं तर निदान काहीतरी चालू आहे असं वाटत होतं.

निमगावच्या अलीकडे फोन आला. आबांचा नाही, मोटरचा. "लाईट गेली आहे. मोटर बंद झाली आहे."

लाईट नेहमीच जाते, तिचं काही नाही. पण आता आबांशी असलेला तेवढा एक धागाही गेला. मी दोनदा एक दाबून बघितलं. बाई दोन्ही वेळा म्हणाली, लाईट नाही. मी गाडी तशीच वस्तीवर घातली.

घराला कडी. बाजेवर अर्धा चहा, त्यात मुंगी. कांद्याच्या वरच्या अंगाचे सगळे वाफे तुडुंब भरलेले, एका ठिकाणी बांध फुटून पाणी रस्त्यावर आलेलं. चिखलात आबांच्या पायाचे ठसे होते, काठीची भोकं होती. ते या वाफ्यातून त्या वाफ्यात असे इकडंतिकडं गेले होते आणि मग सरळ खाली, उसाकडे. मी हाका मारत त्या पायवाटेनं उतरलो. इतकी मोठी हाक मी कित्येक वर्षांत मारली नव्हती. घसा दुखायला लागला.

विहिरीवर पेटीचं दार उघडं होतं आणि मेनचा दांडा खाली ओढलेला होता. पेटीच्या पायाशी आबा दगडावर बसले होते. गुडघा लांब केलेला, धोतर मांडीपर्यंत चिखलानं भरलेलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आला का."

मी म्हटलं, "फोन कुठंय?"

"कांद्यात."

"कांद्यात म्हणजे?"

"खुरपताना पडला खिशातनं. गळ्यातली नाडी तुटली व्हती कालच. ह्यो पडला. मग तू लावाया लागला. वाजत व्हता, पर कुठं वाजतोय कळंना. पात लई दाट झालीया. मी आवाजाच्या मागं मागं चाललो व्हतो. येक वाफा बघितला, दुसरा बघितला. घावलाच व्हता जवळजवळ. तेवढ्यात पाणी आलं."

"पाणी मी सोडलं."

"तूच सोडलं की. दुसरं कोन सोडनार."

मी तिथंच खाली बसलो. मी आबांना शोधायला पाणी सोडलं होतं आणि त्या पाण्यानं आबांचा वाजणारा फोन बुडवला होता. यात हसावं का रडावं हे मला कळेना.

मी म्हटलं, "मग इकडं कशाला उतरलात? एवढा गुडघा. उसात वाघ आहे. वाहत राहिलं असतं पाणी."

आबा म्हणाले, "पान्याचं काय न्हाई. पर तू कारन नसताना मोटर चालू केली म्हंजी तुला काळजी पडली आसंल. म्हटलं, हितनं बंद केली का तुला कळंल. बाई सांगतीया न्हवं तुला."

बाईनं सांगितलं होतं, फक्त मेन ओढला की डब्याला लाईट गेल्यासारखंच वाटतं. मी तिचं ऐकून गाडी आणखी जोरात मारली होती. आबांनी गुडघा ओढत, काठी टेकत, उसातून खाली येऊन मला दिलेलं उत्तर मी असं वाचलं होतं. आणि उतरून आल्यावर त्यांना वर चढवेना, म्हणून ते तिथंच बसून राहिले होते, मी येईन या भरवशावर.

मी त्यांना पाठीवर घेतलं. वजन काही नव्हतं, त्याचाच धक्का बसला. उसातून वर येताना त्यांच्या दोन्ही हातांची मिठी माझ्या गळ्याला होती. घरी आल्यावर मी पाणी तापवलं, त्यांचे पाय धुतले, गुडघ्याला तेल लावलं. माझं ठरलं होतं. आता हे बास झालं. मी म्हटलं, "आबा, उद्या मी वाटेकरी बघतो. तुम्ही कपडे भरा. पेठला चला."

आबा बाजेवर आडवे होते. आढ्याकडे बघत म्हणाले, "दिवाळीला आलतो की."

"मग? काय कमी पडलं का तिथं?"

"कमी काय पडंल. सूनबाईनं लई केलं." ते माझ्याकडे कुशीवर वळले. "चार रोज व्हतो. तू समोर बसायचा, सूनबाई बसायची, नात बसायची. समद्यांच्या हातात फोन. मी कायबी म्हटलं का तू म्हनायचा, हां आबा. मान वर न्हाई करायचा. मी म्हटलं, भूक लागली. तू म्हनला, हां आबा. मी म्हटलं, जातो आता निमगावला. तू म्हनला, हां आबा."

मला ती दिवाळी आठवत होती. आबा सोफ्याच्या कडेला बसलेले असायचे आणि सारखे आपल्या बटणांच्या फोनकडे बघायचे. मला वाटलं होतं, त्यांनाही नाद लागला.

"हितं कसं हाये," आबा म्हणाले, "मी येक रिंग दिली का मोटर चालू व्हती. लगीच. कवाबी दे. म्हंजी तू हायेस. तिथं तू समोर बसलेला आसतो, आन् मला कळत न्हाई तू हायेस का न्हाई."

ते रागानं बोलले नाहीत. ते रागावले असते तर मला भांडता आलं असतं. इतके दिवस मी समजत होतो की दोरी माझ्याच मांडीला आहे आणि तिचं दुसरं टोक त्यांनी मुठीत धरलंय. त्या टोकाला ते लोंबकळत होते हे मला दिसलं नव्हतं. सोडावी तर ते पडणार, आणि धरून ठेवावी तर माझा हात कधीच मोकळा होणार नाही. वाटेकऱ्याचं मी पुन्हा काढलं नाही. आबांनीही विचारलं नाही. उठून ते फक्त एवढंच म्हणाले, "नवा फोन आन तेवढा. आसलाच. बटनाचा."

रात्री मी तिथंच राहिलो. सकाळी पाणी उतरल्यावर कांद्याच्या पातीत फोन सापडला. तो मेला होता, पण त्यातलं सिमकार्ड पुसून चुलीजवळ वाळवलं. नारायणगावला जाऊन तसलाच फोन घेऊन आलो, कार्ड घातलं, माझा नंबर पहिल्या बटणावर लावून दिला आणि नवी नाडी त्यांच्या गळ्यात अडकवली. आबांनी फोन उलटसुलट करून बघितला. त्याच्या बटणांवरचे आकडे अजून नवे होते, चष्म्याशिवायही दिसत होते. मी म्हटलं, "आता हे आकडे दिसतायत, तर मोटर तुम्हीच करा की चालू. एक दाबायचं." आबांनी फोन सदऱ्यात सारला आणि म्हणाले, "मला न्हाई दिसत."

मी गाडीला किक मारली. वस्तीवरून डांबरी रस्त्याला लागायच्या आत, बांधाच्या वळणावर, खिसा थरथरला. एक रिंग, कट. लाईट नव्हती. सकाळपासूनच नव्हती आणि ते दोघांनाही माहीत होतं. मी गाडी थांबवून मागं बघितलं. आबा कांद्याच्या कडेला उभे होते. फोन हातात धरून माझ्याकडेच बघत होते. मध्ये अंतर असं काही नव्हतं. हाक मारली असती तर सहज ऐकू गेली असती. चार पावलं मागं गेलो असतो तर बोलताही आलं असतं.

मी फोन काढला, आबांना एक रिंग दिली आणि कट केली. त्यांनी हातातल्या फोनकडे बघितलं, मान हलवली आणि फावडं उचलून फुटलेला बांध घालायला गेले.